मराठी टेक्स्ट फाइल पायथनमध्ये कधी चालते, कधी अडते: नेमकं काय बिघडतं

फोंडा हे गोव्यातल्या तालुक्याचं नाव लिहिलेली फाइल पायथनमध्ये उघडते, पण स्क्रीनवर अक्षरांचा चिवडा दिसतो. मुरगाव लिहिलेली फाइल उघडतच नाही, थेट लाल अक्षरांत एरर. दोन्ही फाइली एकाच लॅपटॉपवर, एकाच नोटपॅडमध्ये टाइप केलेल्या, आणि प्रोग्रॅमही तोच. नव्याने पायथन शिकणारी मुलं दर वर्षी हाच प्रश्न घेऊन येतात. "सर, हिची फाइल चालते, माझी का चालत नाही?" खरं म्हणजे हिचीही चालत नसते. फक्त एरर येत नाही म्हणून चालते असं वाटतं.

घाई असेल त्यांच्यासाठी उत्तर आधी देतो. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते, सांगा. दर वेळी सांगा, वाचतानाही आणि लिहितानाही:

विथ ओपन("तालुके.टीएक्सटी", "आर", एन्कोडिंग="यूटीएफ-८") ॲज फ:
    फॉर ओळ इन फ:
        प्रिंट(ओळ.स्ट्रिप())

इथे कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना विथ, ओपन, फॉर वगैरे नेहमीसारखे इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. "फ" आणि "ओळ" ही व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी पायथन ३ ला चालतात. परीक्षेत तसं लिहू नका, तपासणारा गोंधळेल.

बहुतेकांचं काम एवढ्यावर भागेल. ज्यांचं भागणार नाही, किंवा एकाला एरर आणि दुसऱ्याला चिवडा असं का हे ज्यांना जाणून घ्यायचं आहे, त्यांनी पुढे वाचा.

फोंड्याला चिवडा, मुरगावला एरर

फाइलीत अक्षरं नसतात, बाइट असतात. कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. आजचं नोटपॅड मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठवतं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅडची ती मूळ निवड आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. चिन्ह म्हणजे इथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. "फोंडा" म्हणजे फ, ओकार, अनुस्वार, ड, काना अशी ५ चिन्हं, म्हणून १५ बाइट.

आता पायथनची बाजू. ओपनला एन्कोडिंग सांगितलं नाही, तर तो विंडोजला विचारतो की इथला नेहमीचा तक्ता कोणता. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपांवर विंडोज इंग्रजीत असतं, आणि उत्तर येतं सीपी१२५२. हा पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला तक्ता. त्यात एका बाइटला एक अक्षर, देवनागरीचा पत्ताच नाही. मग फोंड्याचे १५ बाइट १५ वेगवेगळी अक्षरं म्हणून वाचले जातात: डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चलनाचं ते वर्तुळासारखं चिन्ह, मध्येच जपानी येनचं चिन्ह, पुन्हा तोच ए. लेन, म्हणजे मजकुराची लांबी, विचारलीत तर ५ ऐवजी १५ येईल. शंका आली की लेन छापून बघायची सवय लावून घ्या.

मग मुरगावला एरर का? सीपी१२५२ मध्ये २५६ पैकी ५ जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. हे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेले आकडे आहेत. यातला एखादा बाइट समोर आला की पायथनकडे दाखवायला अक्षरच नसतं, म्हणून तो हात वर करतो. आणि आपल्या दुर्दैवाने यूटीएफ-८ मधल्या देवनागरीची काही अगदी रोजची चिन्हं नेमकी या बाइटांवर संपतात. पहिला उकार ८१ वर संपतो, चंद्रबिंदूही ८१ वरच. हलन्त ८डी वर, ए ८एफ वर, ऐ ९० वर, झ ९डी वर.

हलन्त म्हटलं की प्रत्येक जोडाक्षर आलं. म्हणजे "म्हापसा" अडणार, "वास्को" अडणार, "पणजी" आणि "मडगाव" निमूट चिवडा होऊन बाहेर पडणार. गोव्याच्या १२ तालुक्यांवर ही चाचणी लावून बघा. बार्देश, सत्तरी आणि सासष्टी जोडाक्षरामुळे अडतात, मुरगाव उकारामुळे. तिसवाडी, पेडणे, डिचोली, फोंडा, सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा ही आठ नावं एरर न देता बिघडतात. सरावाला मी हीच यादी देतो, कारण बिघाडाच्या दोन्ही तऱ्हा तिच्यात एकदम दिसतात.

एरर नीट वाचायलाही शिका. पहिल्या ओळीत तिसवाडी आणि दुसऱ्या ओळीत बार्देश असेल, तर यूनिकोडडीकोडएरर येतो. त्यात लिहिलेलं असतं की "चारमॅप" कोडेकला, म्हणजे बाइटांची अक्षरं करणाऱ्या भागाला, ३४ व्या स्थानावरचा ०एक्स८डी हा बाइट वाचता आला नाही. मोजून बघा. तिसवाडीची ७ चिन्हं म्हणजे २१ बाइट, ओळ संपल्याचे विंडोजचे २, झाले २३. मोजणी शून्यापासून असल्यामुळे बार्देशचा ब २३ वर सुरू होतो. ब, काना, र यांचे ९ बाइट गेले की हलन्ताचे तीन ३२, ३३, ३४ वर येतात. शेवटचा ८डी. बरोबर त्याच्यावर बोट. "चारमॅप" हा शब्द दिसला की समजायचं, एन्कोडिंग सांगायचं राहिलं आहे आणि पायथन विंडोजच्या जुन्या तक्त्याने वाचतो आहे.

तिसवाडी तर बरोबर होती, मग तीही का छापली गेली नाही, असा प्रश्न हटकून येतो. पायथन एकेक ओळ नव्हे, मोठा तुकडा एकदम वाचून त्याची अक्षरं करतो. लहान फाइल असली तर पहिली ओळ हातात येण्याआधीच सगळा तुकडा फसलेला असतो.

दोन चुका मिळून बरोबर दिसतं तेव्हा

हा प्रकार सगळ्यांत फसवा, म्हणून त्यावर थोडं थांबतो. समजा तुमचा प्रोग्रॅम एक फाइल वाचतो आणि दुसरीत लिहितो, आणि दोन्हीकडे एन्कोडिंग सांगितलेलं नाही. वाचताना फोंड्याचे १५ बाइट १५ चुकीची अक्षरं झाले. लिहिताना तीच १५ अक्षरं त्याच सीपी१२५२ ने परत बाइट झाली, आणि मूळचे १५ बाइट जसेच्या तसे नव्या फाइलीत गेले. नोटपॅडमध्ये उघडलीत तर स्वच्छ "फोंडा".

मुलगा खूश. मग यादीत एके दिवशी "सुपारी" येते आणि प्रोग्रॅम कोसळतो. चतुर्थीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायच्या चौकटीच्या, सामानाची यादी करणारा असा एक प्रोग्रॅम माझ्यासमोर आला होता. नारळ, केळी, आंबाडे, तोरिंगण इथवर सगळं सुरळीत, सुपारीच्या उकारावर अडकला. त्या मुलाची समजूत अशी झाली होती की सुपारीच्या ओळीत काहीतरी अदृश्य घाण आहे, आणि ती ओळ तो पुन्हा पुन्हा खोडून टाइप करत होता. ओळीत दोष नव्हता. दोष आधीच्या चारही ओळींत तितकाच होता, फक्त दिसत नव्हता. त्याने मधल्या काळात नावाची पहिली तीन अक्षरं कापायचा किंवा रकाने सरळ रेषेत लावायचा प्रयत्न केला असता, तर तेव्हाच कळलं असतं.

एररला "इग्नोर" करू नका

इंटरनेटवर शोधलं की एक सोपा उपाय सापडतो: ओपनमध्ये एरर्स="इग्नोर" लिहा. एरर जाते हे खरं. पण काय होतं ते बघा. वाचता न आलेला बाइट पायथन गुपचूप टाकून देतो. बार्देशच्या हलन्ताच्या तीन बाइटांतला शेवटचा गेला, आधीचे दोन कचरा म्हणून राहिले. ही फाइल पुन्हा साठवलीत की जोडाक्षर कायमचं तुटलं. र आणि द यांच्यामध्ये एक प्रश्नचिन्हाचा चौकोन बसतो. तालुक्याचं नाव हाताने दुरुस्त करता येईल. चारशे सभासदांच्या यादीत दत्ता, विठ्ठल, कृष्णा, लक्ष्मी, सगळ्यांचीच जोडाक्षरं गेली तर कोण दुरुस्त करत बसणार?

माझं मत विचाराल तर शिकाऊ माणसाने एरर्स हा पर्याय वर्षभर तरी वापरूच नये. पायथनने अडून बसणं हे तुमच्या फायद्याचं आहे.

एन्कोडिंग सांगूनही एरर येते

मग ती फाइल यूटीएफ-८ मध्ये नाही, किंवा पूर्णपणे तशी नाही. तर्क लढवत बसू नका, बाइट बघा. फाइल "आरबी" मोडमध्ये उघडा, त्यात एन्कोडिंग लिहायचं नसतं, आणि पहिले २० बाइट वाचून छापा. एवढ्या एका कृतीने निम्म्याहून जास्त भांडणं मिटतात.

ई० ए४ आणि ई० ए५ या जोड्या पुन्हा पुन्हा दिसल्या, तर ती यूटीएफ-८ मधली देवनागरी आहे आणि चूक दुसरीकडे आहे.

सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ दिसले, तर तीही यूटीएफ-८ च, पण डोक्यावर बीओएम नावाची तीन बाइटची खूण लावलेली. एरर येत नाही, पण पहिल्या ओळीच्या आधी एक न दिसणारं चिन्ह चिकटून येतं. लक्षण ठरलेलं: यादीतली बाकी सगळी नावं सापडतात, पहिलंच सापडत नाही. एक्सेलमधून "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून साठवलेल्या फाइलीत हे हमखास असतं. वाचताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या. खूण असली तर काढली जाते, नसली तरी बिघडत नाही.

एफएफ एफई ने सुरुवात झाली आणि पुढे एक आड एक "\टी" दिसायला लागले, तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हात तिथे ०९ हा बाइट असतो, आणि ०९ म्हणजेच टॅब, म्हणून ती टॅबची रांग. यूटीएफ-८ ने वाचायला गेलात तर शून्याव्या स्थानावरच एरर. जुन्या नोटपॅडमध्ये "युनिकोड" निवडून साठवलेल्या फाइली अशा असतात. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत बाणाचं चिन्ह वापरून फाइलीत वळवलेला मजकूरही असाच उतरतो. एन्कोडिंग "यूटीएफ-१६" द्या, काम झालं.

नुसती प्रश्नचिन्हं, म्हणजे ३एफ च्या रांगा दिसल्या, तर वाईट बातमी. कोणीतरी फाइल "आन्सी" म्हणून, म्हणजे विंडोजच्या जुन्या तक्त्याने, साठवली, किंवा एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत काढली, आणि मराठी अक्षरं त्याच क्षणी पुसली गेली. कोणताही कोड ती परत आणणार नाही. मूळ एक्सेल फाइल शोधा आणि "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडून पुन्हा काढा. सीएसव्ही काढली की मूळ एक्सेल फाइल डिलीट करणाऱ्या मित्राला वेळीच थांबवा.

आणि एक खास गोव्याचा प्रकार. चर्चच्या, कोमुनिदादच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) किंवा जमिनीच्या जुन्या पोर्तुगीज नोंदींवरून केलेल्या याद्यांमध्ये स्वरांवर खुणा असलेली नावं येतात. सासष्टीतल्या सां जुझे दि आरियालच्या पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये ए वर नागमोडी रेघ असते. अशी यादी जुन्या संगणकावर सीपी१२५२ मध्ये साठवली असेल, तर ते अक्षर ई३ हा एकच बाइट होतो. यूटीएफ-८ ला ई३ दिसला की तो पुढे आणखी दोन बाइट अपेक्षित धरतो, आणि समोर येतो साधा इंग्रजी ओ. मग "इन्व्हॅलिड कन्टिन्युएशन बाइट" अशी तक्रार. इथे उलट सीपी१२५२ हेच बरोबर उत्तर. एकदा त्याने वाचा, लगेच यूटीएफ-८ मध्ये नव्या नावाने लिहून ठेवा आणि पुढे नवीच फाइल वापरा. दोन तऱ्हेच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये मिसळून ठेवल्यात तर कोणती कशाने वाचायची हे महिन्याभराने तुम्हालाच आठवणार नाही.

नोटपॅडमध्ये फाइल उघडली की खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंगचं नाव दिसतं. बाइट बघायचा कंटाळा असेल तर निदान तिकडे नजर टाका.

लिहिताना फाइल रिकामी झाली

"डब्ल्यू" मोडने फाइल उघडली की जुना मजकूर त्या क्षणीच पुसला जातो. तुम्ही काही लिहिण्याची वाटसुद्धा तो बघत नाही. आता हे वरच्या गोष्टीला जोडा. एन्कोडिंग न सांगता "डब्ल्यू" ने फाइल उघडली आणि "पणजी" लिहायला गेलात. सीपी१२५२ मध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे यूनिकोडएन्कोडएरर: ० ते ३ स्थानांवरची अक्षरं लिहिता येत नाहीत. एरर आली, आणि आधीची फाइलही गेली. दुहेरी नुकसान. म्हणून ज्या फाइलीतून वाचता तिच्यातच लिहू नका. नव्या नावाने लिहा, उघडून तपासा, मग जुनीचं नाव बदला. आधीपासून असलेली फाइल चुकूनही पुसायची नसेल तर "डब्ल्यू" ऐवजी "एक्स" मोड आहे: त्या नावाची फाइल आधीच असली तर तो अडतो.

रोज भर पडणारी नोंद असेल तर "ए" मोड, म्हणजे शेवटी जोडणं. काजूच्या हंगामात बागेतून रोज किती किलो बी निघाली ते लिहून ठेवणारा प्रोग्रॅम "डब्ल्यू" ने केला, की मे महिन्याच्या अखेरीला फाइलीत एकच दिवस सापडतो, शेवटचा.

राईट स्वतःहून ओळ तोडत नाही, हेही लक्षात असू द्या. शेवटी "\एन" घाला, नाहीतर "१२१४९" असा आकडा मिळेल आणि त्यात किती दिवसांची काजू आहे ते सांगता येणार नाही.

फाइल लिहिली, एरर नाही, तरी उघडून बघितली तर रिकामी? बहुधा क्लोज राहिलं. पायथन लिहिलेलं लगेच डिस्कवर नेत नाही, आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठवतो. प्रोग्रॅम चालूच असला किंवा मध्येच मारला गेला तर थोडका मजकूर तिथेच राहतो. विथ वापरा, तो स्वतः बंद करतो.

आधीच बिघडलेली फाइल वाचवता येते का

कधी येते. चिवडा वाचून कोणी तो यूटीएफ-८ मध्ये लिहून ठेवला असेल, तर फाइल यूटीएफ-८ ने वाचा आणि मिळालेल्या मजकुरावर हे चालवा:

नीट = चिवडा.एन्कोड("सीपी१२५२").डीकोड("यूटीएफ-८")

म्हणजे चुकीच्या तक्त्याने परत मागे जायचं आणि बरोबर तक्त्याने पुन्हा पुढे यायचं. चिवडा पायथननेच केला असेल आणि "इग्नोर" वापरलं नसेल तर हे चालतं. चिवडा स्क्रीनवरून कॉपी करून आणू नका, फाइलीतूनच वाचा. सीपी१२५२ मध्ये ठ चा शेवटचा बाइट न तुटणारी मोकळी जागा होतो आणि भ चा शेवटचा बाइट न दिसणारी जोडरेघ. कॉपी-पेस्टमध्ये ही दोन हमखास हरवतात. मग "भजन" परत मिळत नाही.

एन्कोडिंगचा दोष नसलेल्या तक्रारी

फाइल सापडत नाही. पायथन फाइल शोधतो ती तुमचा प्रोग्रॅम जिथे आहे तिथे नव्हे, तो जिथून चालवला त्या फोल्डरमध्ये. ओएस मोड्यूलमधलं गेटसीडब्ल्यूडी छापून बघा, व्हीएस कोडमध्ये बहुतेकदा भलताच फोल्डर निघतो. दुसरी शक्यता: विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे तुम्ही नाव देताना टीएक्सटी टाइप केलंत आणि फाइलीला ते दोनदा लागलं.

पूर्ण पत्ता दिला तर वेगळीच गंमत. "सी:\यूजर्स" मधला उलटा तिरका आणि कॅपिटल यू मिळून पायथनला वाटतं की पुढे युनिकोडचा आठ आकडी क्रमांक येणार. तो आला नाही की प्रोग्रॅम सुरूसुद्धा होत नाही. टी ने सुरू होणाऱ्या नावाआधीचा उलटा तिरका टॅब होतो, एन ने सुरू होणाऱ्या नावाआधीचा नवी ओळ. अवतरणचिन्हाआधी आर लावा, किंवा सरळ तिरके वापरा. विंडोजला दोन्ही समजतात. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर उलटा तिरका सहसा तसाच राहतो, पण ३.१२ पासून पायथन त्यावरही इशारा देतो. आर लावायची सवयच बरी.

"मडगाव" बरोबर "मडगाव" जुळत नाही. फाइलीतल्या ओळीच्या शेवटी "\एन" असतो. स्ट्रिप करा. एकदा रीड केलं आणि दुसऱ्यांदा रीडला काहीच मिळालं नाही, तर फाइल संपली आहे. सीक(०) ने सुरुवातीला या, किंवा पहिल्यांदा वाचलेलं व्हेरिएबलमध्ये ठेवा.

बेरीज विचित्र येते. फाइलीतून येतं ते सगळं अक्षर, आकडा नव्हे. "१०" आणि "२०" मिळून "१०२०" होतात. इंट लावा. इंटला देवनागरी आकडे कळतात, "१२" दिलं तरी बारा मिळतात, हे फार जणांना माहीत नसतं. पण "१,२००" मधला स्वल्पविराम त्याला चालत नाही, तो आधी काढा.

काळ्या खिडकीत चौकोन दिसतात, किंवा पहिली वेलांटी भलत्याच जागी दिसते. फाइल बिघडलेली नसते. जुन्या कमांड प्रॉम्प्टला देवनागरी नीट मांडताच येत नाही. लेन तपासा, फाइल नोटपॅडमध्ये उघडा, त्यावरून ठरवा. नुसत्या त्या खिडकीवर विश्वास ठेवून चालती फाइल दुरुस्त करायला गेलात तर ती खरोखर बिघडेल.

माझ्या मशीनवर चालतं, लॅबमध्ये नाही

तुमच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरण्याचा "बीटा" पर्याय कोणीतरी चालू केलेला असतो, किंवा तुम्ही घरी लिनक्सवर असता, जिथे यूटीएफ-८ हीच रीत आहे. मॅकवरही तसंच. लॅबमधलं विंडोज मात्र सीपी१२५२ वर. पायथन "-एक्स यूटीएफ८" लावून चालवता येतो, ३.७ पासून ती सोय आहे, आणि ३.१५ पासून न सांगताही यूटीएफ-८ धरायचं ठरलं आहे. पण लॅबमध्ये कोणती आवृत्ती असेल ते तुमच्या हातात नसतं. एन्कोडिंग कोडमध्येच लिहिलं की कुठल्याही मशीनवर तेच उत्तर येतं.

यूटीएफ-८ आहे, तरी वाचता येत नाही

बाइट बघितले, तर सगळे साधे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे. वर्डमध्ये तीच फाइल ठरावीक फॉन्ट लावून छान मराठी दिसते, फॉन्ट काढला की अगम्य. हा जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर. छापखान्यांकडून, स्मरणिकांच्या कामातून आलेल्या फाइलींत तो अजून भेटतो. त्यात देवनागरी साठवलेलीच नाही. इंग्रजी अक्षरांना देवनागरी मुखवटे आहेत. एन्कोडिंग बदलून इथे काहीच होणार नाही. त्या त्या फॉन्टसाठी केलेला कन्व्हर्टर लागतो, आणि त्यातून काढलेला मजकूर माणसाने एकदा वाचावाच लागतो.

अशा कन्व्हर्टरमधून आलेल्या किंवा दोन वेगळ्या कीबोर्डांवर टाइप केलेल्या याद्या एकत्र केल्या की शेवटची एक अडचण येते. "शेतकऱ्यांची" हा शब्द दोन्ही फाइलींत दिसायला हुबेहूब, पण तुलना केली की खोटं. ऱ्या दोन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह लावून. "ॲप" मधला ॲ सुद्धा एक चिन्ह असू शकतो किंवा अ वर चंद्र अशी दोन. युनिकोडडेटा मोड्यूलमधलं "एनएफसी" नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं अक्षर एकसारखं करणं, नुक्त्याचा र आणि ऱ एक करतं, पण या दोन जोड्या ते एक करत नाही, त्या रिप्लेस वापरून स्वतः बदलाव्या लागतात. २०० डी हा त्या जोडचिन्हाचा युनिकोड क्रमांक. र, हलन्त, २०० डी ही तिन्ही मिळून शोधा आणि जागी ऱ व हलन्त ठेवा. नुसता २०० डी सगळीकडून उडवलात तर ऱ्या चा र्या होईल. मी ही अदलाबदल ओळ वाचल्यावाचल्या, स्ट्रिपच्या लगेच पुढच्या ओळीत करतो, कारण नावं एकदा डिक्शनरीत कीज म्हणून गेली की मग एकाच शेतकऱ्याची दोन खाती शोधत बसावं लागतं.